पेटीचा चौथा कोपरा

आमचे हे, प्रेमराज, गेले तेव्हा थंडी होती. आंघोळीचं पाणी अंगणात तीन दगडांवर तापत होतं आणि पिंप्राळ्यातली शेजारची मंडळी हाताला लागेल ते लाकूड खाली सारत होती. सुताराच्या दारात लाकडाला काय तोटा! त्यात त्यांचा फर्माही गेला. दिसायला तो मोडक्या पाटासारखाच होता, कुणाला काय कळणार? मशीनच्या पात्यावरून फळी सरकवायची, आणि फळीच्या टोकाला सारखे दाते पडायचे ते त्या फर्म्यामुळे. त्यांचा फर्मा त्यांच्याच शेवटच्या आंघोळीखाली जळला.

सासूबाई, भिकुबाई, चुलीपाशी बसून होत्या. "मी देखा ना! पाणीखाले लाल पत्ता जयी राहिंता," असं त्या तेव्हापासून म्हणतात. पाण्याखालच्या जाळात खेळातला पत्ता कुठून येणार? दुःखात माणूस काहीही बघतं, म्हणून आम्ही मान डोलवायचो.

मागे राहिली आमच्या लेकीच्या, पुनमच्या लग्नाची सागवानी पेटी. तीन कोपरे जुळलेले. चौथ्याची एक फळी दाते पाडलेली, दुसरी कोरी. दीर म्हणाले, "वहिनी, पत्र्याची पट्टी ठोकून देतो."

पुनमने पेटीवरचा हात काढला नाही. "काका, पट्टी ठोकायची तर मला स्टीलचं कपाटच द्या. ही इथंच राहू दे."

म्हणून मी फर्मा करायला घेतला. आजवर माझं काम फळीचं पलीकडचं टोक धरण्याचं. पण टोक धरणाऱ्यालाही डोळे असतात. उरलेलं मोबाईलवर बघितलं. खाली सरकता पाट, त्यावर उभी पट्टी, पट्टीला पात्याच्या जाडीची खुंटी. एक खाच पाडायची, ती खुंटीवर बसवायची, पुढची पाडायची. पट्टी हलू नये म्हणून तिच्या टोकाला ठोकळा मारला. सगळं मोजून, काटकोनाला गुण्या लावून.

रद्दी फळीवर दाते पाडले आणि यांनी पाडलेल्या फळीत घालून बघितले. पहिले दोन-तीन गेले, ढिले. पुढचे सरकत सरकत खाचेबाहेर. पुन्हा मोजलं, पुन्हा पाडले, पुन्हा तेच. बटण बंद केलं की पातं थांबता थांबता गुणगुणायचं, अगदी हे रंधा मारताना गुणगुणायचे तसं. मी मागे वळून बघायची नाही. बघून कुणी नसेल तर काय करायचं?

सासूबाई मात्र रोज संध्याकाळी मशीनवर कपभर चहा ठेवायच्या. सकाळी कपातला चहा कमी झालेला दिसायचा. "देख, येल शे तो."

"आत्याबाई, हे नाही येऊन गेले, जळगावचा उन्हाळा आहे. रात्रीत माठ रिकामा होतो, कपाचं काय!"

"मंग साय कशी राहिनी?" म्हणायच्या. यांना चहातली साय कधीच चालायची नाही.

एका दुपारी त्या आणि पुनम कारखान्यातच पत्ते खेळत बसल्या होत्या. पहिल्या दात्याशेजारची फट किती, ते बघायला मला काहीतरी पातळ हवं होतं. पुनमच्या हातातला एक पत्ता, चौकटची अठ्ठी, ओढला आणि फटीत घातला. असा बसला की जणू तिथलाच.

माझा हात थांबला. आमच्या कॅटात चौकटची सत्ती कित्येक वर्षं नाही. तिच्या जागी लग्नपत्रिकेचा कापलेला तुकडा आहे. सत्ती हरवली म्हणून हे पुनमला रागावलेसुद्धा होते. आणि ती स्वतःच फर्म्यात घालून ठेवलेली. लबाड माणूस!

मी स्क्रू सैल केले, पट्टी आणि ठोकळ्याच्या मधे पत्ता घातला, पुन्हा आवळले. पट्टी पत्त्याएवढी सरकली. सासूबाई जवळ आल्या. लाल कडेवर बोट ठेवून म्हणाल्या, "हाऊच. हाऊच व्हता पाणीखाले."

या वेळी कुणी मान डोलवली नाही.

रद्दी फळी बसली. मग खरी फळी लावली. दुसऱ्या टोकाला पुनम उभी राहिली. दाते त्यांच्या खाचांत शिरले, शेवटच्याला मोगरीचा एक हलका ठोका लागला.

"मम्मी, पप्पांचे कुठले आणि तुझे कुठले?"

"सांगता येतंय का बघ."

तिने बराच वेळ बोट फिरवलं.

मी बटण बंद केलं. पातं गुणगुणत राहिलं, नेहमीपेक्षा जरा जास्तच. मी मागे वळले. सासूबाई दुसऱ्या लग्नपत्रिकेतून तुकडा कापत होत्या, चौकटच्या अठ्ठीसाठी.

संध्याकाळी चहा मी ठेवला. साय काढून.