दाराआडची धाकटी चकती

मित्रांनो, मी एक जुनी पुठ्ठ्याची चकती आहे, आणि बाकीचं सांगण्याआधी एक गोष्ट तुमच्या कानावर घालते: मला दुसऱ्याचं कौतुक बघवत नाही. आत्मवृत्त सांगणाऱ्या वस्तू फार सोज्वळ असतात म्हणे. मी नाही.

मला घडवलं बाईंनी. बाई आपल्या घरातल्या बाहेरच्या खोलीत संध्याकाळी फ्रेंच शिकवायच्या. दिवसभर कामं करून आलेली मोठी माणसं त्यांच्याकडे यायची. त्यांना क्रियापदांची रूपं पाठ होईनात, म्हणून बाईंनी एक युक्ती काढली. एक मोठी गोल चकती कापली. तिच्या कडेने क्रियापदं लिहिली आणि प्रत्येकाखाली, कडेपासून मधल्या भोकापर्यंत, त्याची सहा रूपं लिहिली: मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते. तिच्यावर दुसरी चकती बसवली, तिला एक बाण आणि बाणाच्या रेषेत सहा खिडक्या. दोन्हींच्या मधोमध पितळी रिबीट ठोकलं. बाईंचे यजमान बॅगा दुरुस्त करायचे, त्यामुळे घरात रिबिटांना तोटा नव्हता. बाण क्रियापदावर आणायचा, खिडक्यांतून रूपं वाचायची. झालं!

पण ही पहिली चकती म्हणजे मी नव्हे. ती थोरली. तिच्यावर वर्तमानकाळ होता. तिच्यासाठी बाईंनी फाइलीचं जाड कव्हर फाडलं. माझ्या वाट्याला आला शर्टाच्या खोक्याचा पातळ पुठ्ठा. माझ्यावर इंपरफेक्ट सब्जंक्टिव्ह लिहिला गेला. नावाला घाबरू नका. पूर्वी कुणाला कसली इच्छा होती, भीती होती, कुणी काय हुकूम दिला होता, हे जुन्या दरबारी थाटात सांगायचं झालं की फ्रेंच क्रियापद जो पोशाख चढवतं, तो पोशाख माझ्याकडे मिळतो. माझ्या तिसऱ्या खिडकीतल्या प्रत्येक रूपात एका अक्षराच्या डोक्यावर टोपीसारखी छोटीशी खूण असते. थोरलीकडे अशी टोपी शोधून सापडली तर सापडेल. पण रूप कोण बघतो!

थोरलीला फळ्याशेजारी जागा मिळाली. मला दारामागच्या खिळ्यावर टांगलं. कुणी आत आलं की दार उघडायचं आणि मी झाकली जायचे. म्हणजे खोलीत माणसं आली की मी नाही, आणि माणसं गेली की मी आहे.

थोरलीसाठी वर्गात ओढाओढ चालायची. तिच्या कडा हातांनी काळ्या झाल्या होत्या आणि ती तो मळ दागिन्यासारखा मिरवायची. माझा नुसता जळफळाट व्हायचा. एकदा दार लोटताना एका नर्सने माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "बाई, ही कशाची हो?"

"ती राहू दे," बाई म्हणाल्या. "ते आता कुणी बोलत नाही. जुन्या पुस्तकांत भेटतं फक्त."

"म्हणजे मेलेलीच म्हणा की!" जहाजावर जाऊ बघणारा एक आचारी म्हणाला, आणि सगळे हसले. बाईही हसल्या. आचाऱ्याचं मला काही वाटलं नाही. बाईंचं लागलं.

त्याहून वाईट पुढे झालं. वापरून वापरून थोरलीचं रिबीट झिजलं आणि ऐन वर्गात निखळून पडलं. यजमान रिबिटांची पेटी घेऊन बाहेर गेलेले, सगळे खोळंबले. बाईंनी इकडेतिकडे बघितलं, दार ढकललं, मला उतरवलं आणि माझ्या पोटातलं रिबीट उचकटून थोरलीला लावलं. "तूर्तास हिचं घेते," त्या म्हणाल्या. माझ्या भोकातून दोरा ओवून त्यांनी गाठ मारली. ते तूर्तास काही संपलं नाही. मित्रांनो, नवी वस्तू दुसऱ्याला मिळाली तर एक वेळ सोसता येतं. आपलीच काढून दुसऱ्याला दिली की कसं सोसायचं, ते मला अजून कळलेलं नाही.

बाईंना दोन मुली होत्या. मोठीला घरात सगळे ताई म्हणायचे आणि धाकटीला छोटी. ताई एका प्रवासी कंपनीच्या ऑफिसात फोनवर फडाफड फ्रेंच बोलायची. आल्यागेल्याला बाई सांगायच्या, "हिची जीभ छान वळते." छोटी लाँड्रीत इस्त्री करायची. तिच्याबद्दल बाई म्हणायच्या, "तिला नाही हो त्याची गोडी." छोटी आत स्वयंपाकघरात असायची. तिला ऐकू जायचं. तिच्या अंगावरचा कोटसुद्धा ताईचा उतरलेला होता, बाह्या दुमडून घातलेला.

शहरातल्या हौशी मंडळींनी एक फ्रेंच नाटक बसवायला घेतलं. दिग्दर्शक होते एक निवृत्त दुभाषे. नाटकही त्यांनीच लिहिलेलं. त्यांची एक खोड होती. ते नटांना आयतं वाक्य देत नसत. वाक्यातलं क्रियापद मूळ रूपात मोकळं सोडायचं आणि त्याचं रूप नटाने स्वतः घडवून आणायचं. आपण घडवलेलं आपण विसरत नाही, असं त्यांचं म्हणणं. स्वयंपाकघरात वर्ग ऐकून ऐकून छोटीच्या कानावर बरंच फ्रेंच पडलं होतं. ती घरात कुणाला न सांगता तिथे गेली, मोठ्याने वाचून दाखवलं आणि तिच्या खणखणीत आवाजावर खूश होऊन त्यांनी तिला राणीचं काम दिलं. ही राणी जुन्या वळणाने बोलणारी. म्हणजे तिची सगळी रूपं माझ्याकडची!

छोटीने मला खिळ्यावरून हळूच काढलं आणि ताईच्या त्या कोटात लपवून लाँड्रीत नेलं. इस्त्रीच्या टेबलावर मला उभं करून ती शर्ट दाबता दाबता रूपं म्हणायची. इस्त्री पुढे गेली की एक, मागे आली की दुसरं. सगळीकडे वाफच वाफ. माझा पुठ्ठा मऊ पडत होता, दोऱ्याची गाठ सैल होत होती, पण मला कसली फिकीर! अखेर कुणाच्या तरी हातात मी होते. थोरलीला हे दिसलं असतं तर, असं मनात यायचं आणि मी आणखीच फुलायचे.

तालमीच्या दिवशी मी तिच्या पिशवीत होते. राणी चिडून सांगते की दूतांनी ताबडतोब यावं अशी माझी इच्छा होती. छोटीने वाक्य टाकलं, अगदी झोकात.

दिग्दर्शकांनी हात वर केला. "राणीसाहेब, दूतांनी यावं की बघावं? तुम्ही बघायला सांगताय. काय बघू देत त्यांना?"

सगळे हसले. छोटीने पुन्हा म्हटलं आणि पुन्हा तेच आलं. पुढच्या वाक्यांतही अशीच गफलत होत गेली. शेवटी दिग्दर्शक जरा मऊ आवाजात म्हणाले, "शनिवारी परत ऐकतो. नाही जमलं तर तुझ्या ताईला विचारू का? तिचं फ्रेंच मी ऐकलंय."

घरी येऊन छोटीने मला बाईंच्या पुढ्यात आपटलं. बाई भाजी चिरत होत्या. तेव्हा कुठे त्यांना नाटकाचं कळलं.

"तुझी चकती खोटं बोलते, आई."

"माझ्या चकत्या चुकत नाहीत. तूच चुकीचं वाचलं असशील."

"मग तूच वाच. 'येणे' लाव."

बाईंनी हात पुसून बाण 'येणे'वर आणला आणि खिडक्यांत बघितलं. तिथे शेजारच्या 'बघणे'ची रूपं होती. वरची चकती दोऱ्यावर तिरपी सरकली होती. मधोमध रकाने अगदी अरुंद, त्यामुळे एवढ्याशा सरकण्यानेही बाण एका घरात आणि खिडक्या दुसऱ्या घरात.

"हिचं रिबीट कुठं गेलं?"

"तूच काढलंस," छोटी म्हणाली. "मोठीसाठी. नेहमीसारखं."

"नेहमीसारखं म्हणजे?"

छोटीने कोट काढून खुर्चीवर टाकला. "ताईला विचारायचंय त्यांना. विचारू दे. घालेल ती. सगळं तिच्याच मापाचं असतं या घरात."

बाईंनी कोटाच्या दुमडलेल्या बाह्यांकडे बघितलं. मग उठल्या, यजमानांची पक्कड आणली, थोरलीला फळ्याशेजारून उतरवलं आणि तिच्या पोटातलं रिबीट काढलं. थोरलीची वरची चकती घरंगळत टेबलाखाली गेली. मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? उकळ्या फुटल्या.

माझं रिबीट मला बसवून बाई म्हणाल्या, "ये, बस इथं. मी मूळ शब्द सांगते, तू रूप म्हण." त्या आठवड्यात त्यांनी संध्याकाळचा वर्ग लवकर सोडला आणि रोज छोटीसमोर बसल्या. छोटी चुकली की त्या नुसतं "परत" म्हणायच्या. ताईचं नाव एकदाही निघालं नाही. दुसऱ्याच दिवशी यजमानांनी थोरलीला रिबीट लावून दिलं, तेही नवंकोरं, चकचकीत. बघितलंत? नवं तिलाच!

शनिवारी छोटीने राणीची सगळी भाषणं एका दमात म्हटली. दिग्दर्शकांनी हात वर केलाच नाही. प्रयोगाला ती मला झग्याच्या आतल्या खिशात घेऊन गेली. मला दिसत काही नव्हतं, पण तिचं काळीज माझ्यावर धडधडत होतं आणि माझी रूपं तिच्या तोंडून भरलेल्या सभागृहात जात होती. शेवटी टाळ्या झाल्या. त्या तिला होत्या, मला नव्हत्या, हे मला कळतं. तरी थोडं खुपलंच.

रंग पुसायच्या खोलीत ताई आली. "मला नसतं जमलं हे," ती म्हणाली, आणि ती खरं बोलत होती. मग तिला टेबलावर मी दिसले. "अगं, ही आईची ना? मला दे की. ऑफिसात नेते."

छोटीने तिच्याआधी माझ्यावर हात ठेवला. "नाही ताई. ही माझी आहे."

ताईचा हात तसाच पुढे राहिला. तिच्या डोळ्यांत काय होतं ते मी लगेच ओळखलं. मला माणसासारखे डोळे असते तर थोरलीकडे बघताना ते तसेच दिसले असते.

मित्रांनो, आम्हा वस्तूंना पुसत जा, वाफेपासून, ओलीपासून जपा, एकीचं काढून दुसरीला लावू नका. एवढं केलंत तर आम्ही वर्षानुवर्षं टिकतो. पण टिकून राहणं वेगळं. कुणीतरी आम्हाला मागावं आणि ज्याच्या आम्ही आहोत त्याने द्यायला नकार द्यावा, एवढीच आमची भूक असते. माझी भागली. आता मी छोटीच्या खोलीत असते. फक्त ती "माझी आहे" म्हणाली तेव्हा थोरली घरी होती. तिने ते ऐकलं नाही, आणि तिला ते सांगणार तरी कोण?