पाणडुबीची अंडी

धनुबाईने कणकेची पहिली गोळी तळ्यात टाकली आणि ओठ मिटले. चातुर्मासभर रोज रामनाम घेत वळलेल्या एकशे आठ गोळ्या माशांना घालायच्या. पहिलीपासून शेवटच्या गोळीपर्यंत बोलायचे नाही आणि शेवटची पाण्यात पडेपर्यंत घास घ्यायचा नाही, असा तिचा नेम होता. खोटे तर चारही महिने बोलायचे नव्हते.

तळ्याच्या पाळीवरून गिरधर मास्तर उतरताना दिसले. गळ्यात दुर्बीण, काखेत कापूस भरलेली पेटी. पेटी पाहून तिचा हात थबकला.

गेल्या भादव्यात तिनेच त्यांना मोठ्या कौतुकाने पाणडुबीचे घरटे दाखवले होते. त्यातले एकुलते पांढरे अंडे मास्तरांनी उचलले, पलीकडच्या घरट्यातले एक तपकिरी उचलले आणि दोन्ही पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्या मुंबईच्या साहेबाला पाठवली. मग तीन दिवस पक्षीण रिकाम्या घरट्याभोवती फिरत राहिली. ते तीन दिवस धनुबाई विसरली नव्हती.

"साहेबनं पत्र ऊनं, माय." मास्तर शेजारच्या दगडावर टेकले. "एक अंडं धवळं, एक तांबडं, मंग पक्षी बी दोन जातना शेतस का, असं तो इचारस. यंदा एकच घरटामधला सम्दा अंडा धाड म्हने. घरटं कोठे शे, ते तुले ठाऊक शे."

धनुबाईने ओठांवर बोट ठेवले.

पलीकडे धुणे आपटणारी कौसाबाई हसली.
"मास्तर, ती बोलाव नही. चौमासामा तिन्हा घरमा कुत्रंबी भुकत नही."

"गोळ्या सरू दे. मी आठेच बठस."

घरटे समोरच होते, पंधरा हातांवर, लव्हाळ्यात. पण पक्षीण उठताना चोचीने ओला पाला अंड्यांवर ओढून जाई, तेव्हा पाहणाऱ्याला नुसता कुजक्या शेवाळाचा ढीग दिसे. मास्तरांची दुर्बीण त्या ढिगावरून दोनदा फिरली आणि पुढे गेली.

एकशे सात गोळ्या संपल्या. शेवटची टाकली की मास्तर विचारणार, आणि विचारल्यावर खरे सांगावे लागणार. धनुबाईने मूठ मिटली आणि ती तशीच बसून राहिली.

ऊन डोक्यावर आले. कौसाबाईने धुणे आवरले.
"चक्कर ईसन पडशी, धनुमाय," ती जाता जाता म्हणाली.

मुठीतली कणीक वाळत चालली होती. मास्तरांनी फडके सोडून भाकर काढली, धनुबाईच्या मुठीकडे पाहिले आणि फडके पुन्हा बांधून ठेवले.

तेवढ्यात पाणी जरा हलले आणि पाणडुबी वर आली. तांबूस मान, चोचीच्या मुळाशी पिवळा ठिपका. एरवी परका माणूस दिसला असता तर ती बुडी मारून दूर निघाली असती. पण धनुबाई रोजची, आणि मास्तर सकाळपासून तिच्याशेजारी दगडासारखे बसलेले. पक्षीण ढिगावर चढली. चोचीने एकेक पाला बाजूला सारू लागली.

धनुबाईने डोळे मिटले. आपण बसून राहिलो म्हणूनच ती आली.

डोळे उघडले तेव्हा दुर्बीण ढिगावर स्थिर होती. मास्तर पुटपुटत मोजत होते.

"तीन तांबडा. एक धवळं." थोड्या वेळाने, स्वतःशीच, "ते ताजं व्हई. बाकीनासले पालाना रंग चढी गया."

पक्षीण अंड्यांवर बसली. मास्तरांनी पेटी मांडीवर घेतली आणि झाकण उघडले. धनुबाई अर्धवट उठली. मिटलेले ओठ सुटले. शब्द आता जिभेवरच होता.

मास्तरांनी कापसाखालून वही आणि पेन्सिल काढली. बराच वेळ लिहीत राहिले. मग झाकण लावून ते उठले.

"एकच जात शे, असं साहेबले लिखी दिसू. मन्हं काम व्हई गयं, माय. टाक ती गोळी."

पाळीवर चढल्यावर ते चिंचेखाली बसले. फडके मांडीवर घेतले, पण सोडले नाही.

धनुबाईने मूठ उघडली. कणीक तळव्याला धरून बसली होती. तिने हात पाण्यात बुडवला आणि बोटाने ती हलकेच सोडवली. गोळी खाली जाण्याआधीच माशाने झेप घेतली.

वर मास्तरांनी भाकर मोडली.