उस्तादांचा कान

गॅरेजमध्ये उस्तादांनी व्हॅनच्या मॅनिफोल्डच्या खाली बोट फिरवलं आणि बाहेर काढून पाहिलं. बोट काळं झालं होतं. इंजिनातला धूर जिथून टर्बोकडे जातो, नेमक्या त्या सांध्यावर गॅस्केट जळून फट पडली होती आणि आजूबाजूला काजळीचा जाड थर होता. धूर असा निसटला की गाडीचा जोर जातो आणि डिझेल जास्त लागतं. एवढी काजळी आठवड्याभरात जमत नाही.

शाळेची ही जुनी व्हॅन चार महिन्यांपूर्वीही इथेच उभी होती. डिझेल फार खाते, अशी मालकीणबाईंची तक्रार होती. तेव्हा उस्तादांनी बॉनेटसुद्धा उघडलं नव्हतं. नेहमीप्रमाणे डोळे मिटून, बॉनेटवर हात ठेवून त्यांनी नुसतं इंजिन ऐकलं होतं. तीस वर्षं त्यांचं निदान असंच चालायचं. त्यांच्या कानाचा बाजारात दबदबा होता आणि त्यांना त्याचा जरा जास्तच तोरा होता.

“इंजिन ठणठणीत आहे,” ते बाईंना म्हणाले होते. “डिझेल कुठे मुरतंय, ते ड्रायव्हरला विचारा.”

ड्रायव्हर शेजारीच उभा होता.

“उस्ताद, चढावर शिट्टी वाजते हो. गाडी ओढतच नाही, पाय दाबून धरावा लागतो.”

“तुझ्या डोक्यात वाजत असेल.”

सगळे हसले. दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरची नोकरी गेली. पण नव्या ड्रायव्हरच्या हातातही व्हॅन तेवढंच डिझेल पीत राहिली, म्हणून आज ती परत आली होती.

उस्तादांनी लेकीला हाक मारली. तीही मेकॅनिक होती, त्यांच्याच हाताखाली तयार झालेली.

“मी रेस करतो. शिट्टी येते का सांग.”

“येते की,” ती लगेच म्हणाली. “तेव्हाही येत होती.”

“मग बोलली का नाहीस?”

“मला वाटलं, तुम्हाला ऐकू आलीये आणि चालण्यासारखी आहे. तुमच्या कानापुढे मी काय बोलणार, बाबा?”

उस्तादांनी पुन्हा रेस केली. त्यांना फक्त घरघर ऐकू आली. घरच्या दाराची बेल त्यांनी वर्षात दोनदा बदलली होती, बिघडली म्हणून. ती कधीच बिघडली नव्हती. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्यांना.

त्यांनी बाईंना फोन करून सगळं सांगितलं, हात पुसले आणि लाकडाची वखार गाठली. ड्रायव्हर हल्ली तिथे फळ्या उचलत होता.

“शिट्टी खरी होती,” चार हमालांसमोर उस्ताद म्हणाले. “डिझेल कुणी चोरलं नव्हतं. चूक माझी होती. बाईंनाही सांगितलंय.”

ड्रायव्हरनं खांद्यावरची फळी उतरवली नाही. तो काहीतरी पुटपुटला. उस्तादांना नुसते त्याचे ओठ हललेले दिसले. मान डोलावून निघता आलं असतं, कितीतरी दिवस ते तसंच निभावून नेत होते.

“जरा मोठ्यानं बोला,” ते म्हणाले. “मला ऐकू कमी येतं.”

हमाल थांबून बघू लागले. ड्रायव्हरनं फळी खाली ठेवली आणि तो त्यांच्या अगदी जवळ आला.

“माझी मुलगी त्याच शाळेत आहे,” तो म्हणाला. “अजून विचारते, बाबा, तुम्ही खरंच चोरलं होतं का?”

उस्तादांनी घड्याळाकडे पाहिलं. मग त्यांनी विचारलं,

“शाळा किती वाजता सुटते?”