तानबाजींची खुर्ची

हिंगणघाटच्या बाजारपेठेत रूपराव ढोकाचा फोटो स्टुडिओ होता. पायरी चढून येणारा माणूस खुर्चीत बसेपर्यंत चांगला हसता-बोलता असायचा. खुर्चीत बसून समोरची तीन पायांवरची लाकडी पेटी पाहिली, की त्याला जणू कोर्टात साक्षीला उभं केलंय असा चेहरा व्हायचा. मान ताठ, डोळे वटारलेले आणि श्वास बंद. मग रूपराव काळ्या कापडाखालून डोकं बाहेर काढून त्याला विचारायचा, "काय म्हनते यंदाची तूर?" तुरीवर बोलता बोलता माणूस जरा सैल पडला, की पेटीच्या काचेवरची टोपी काढायची, एक-दोन-तीन मोजायचं आणि टोपी परत लावायची. एवढाच काय तो धंदा. पण त्या तीन आकड्यांत रूपरावाचा जीव किती वेळा वरखाली व्हायचा, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

लोकांच्या फर्माइशी तरी काय एकेक! कोणाला मनगटावरचं घड्याळ दिसायला हवं असायचं. मग तो हात छातीशी असा धरायचा, की पाहणाऱ्याला वाटावं, हात मोडला बिचाऱ्याचा. कमरेपर्यंतचा फोटो तर खेड्यातल्या गिऱ्हाइकाला मुळीच मंजूर नसायचा. "अर्धाच काढला तं बाकीचा मानूस कुठं गेला?" असं कोणी विचारलं, की रूपराव पेटी दोन हात मागे सरकवायचा. तरी त्याचं आपल्या कामावर भारी प्रेम. छपराची उत्तरेकडची कौलं काढून त्याने तिथे काच बसवून घेतली होती. सकाळी नऊच्या सुमारास तिथून जो मऊ उजेड उतरायचा, त्यात कोणाचाही चेहरा सुंदर दिसतो, असं त्याचं ठाम मत होतं. आणि ते खरंही होतं.

एकच काम त्याला नकोसं वाटे. त्या काळी पुष्कळ घरांना फोटोवाल्याची आठवण माणूस गेल्यावरच व्हायची. निरोप आला, की पेटी बैलगाडीत टाकून जावं लागे. नाही म्हणणं बरं दिसत नाही म्हणून रूपराव जायचा, पण परत आल्यावर दोन दिवस त्याला जेवण गोड लागत नसे. शेजारच्या कापड दुकानदार ओमप्रकाशला तो म्हणायचा, "जित्या मानसाले हालू नका, हालू नका म्हनून घसा बसते माया. आन् जो हालतच नाई, त्याचा फोटू काढाले हात उचलत नाई."

ही गोष्ट चोपन्न सालची. दिवाळी होऊन गेली होती. बाजाराच्या दिवशी सकाळी वडनेरची एक म्हातारी स्टुडिओत आली. कपाळावरून भुवयांपर्यंत ओढलेला पदर, हातात कोपरापर्यंत बांगड्या आणि काखेत घडी केलेलं जरीकाठी उपरणं.

"भाऊ, मी जिजाबाई. तानबाजी झाड्याची घरवाली. जोडीचा फोटू काढाचा हाय."

रूपरावाने दोन खुर्च्या शेजारी-शेजारी मांडल्या. एकीचं तोंड जरासं दुसरीकडे वळवलं. मग दाराकडे पाहिलं. दारात कोणीच नव्हतं.

"आन् तानबाजी?"

"ते बसले समोर चहाच्या दुकानात. येत नाई म्हनते."

रूपरावाने दारातून डोकावून पाहिलं. रस्त्यापलीकडे बाकावर एक उंच, पिळदार मिशांचा म्हातारा स्टुडिओकडे पाठ करून बसला होता. नुसती पाठसुद्धा रागावलेली दिसत होती.

जिजाबाईने सगळं सांगितलं. तानबाजींच्या घरी भिंतीवर दोन फोटो होते, एक बापाचा आणि एक थोरल्या भावाचा. बापाचा गेल्यावर काढलेला. भावाने मात्र नागपूरला जाऊन हौसेने काढून घेतला आणि सहा महिन्यांत तो गेला. तेव्हापासून म्हाताऱ्याने धसका घेतला होता. फोटोत गेलेला माणूस आपल्या घरी परत आला नाही, असं त्याचं म्हणणं.

"मायं बी वय झालं, भाऊ," जिजाबाई म्हणाली. "पन्नास वर्स झाले लग्नाले. मले आमच्या दोघाइचा एक जितेपनीचा फोटू पाह्यजे. ज्याले हार नसन घातला, असा. बस, बाकी काई नाई मांगत मी."

रूपराव स्वतः रस्ता ओलांडून गेला. "काकाजी, दुखत नाई, खुपत नाई. तीन मोजतो न झालं."

"तुले काढाचा तिचा, तं काढ," तानबाजी वळूनही न पाहता म्हणाले. "मले त्या खोक्यापुढं नेऊ नको. मले अजून कपाशी वेचाची हाय."

बिचारा रूपराव हात हलवत परत आला. आता बाईचा एकटीचाच काढावा म्हणून तो दुसरी खुर्ची उचलायला गेला, तर जिजाबाईने त्याचा हात धरला.

"राहू द्या. ते त्याइची खुर्ची हाय. आतापर्यंत काई बोलले तरी शेवटी आलेच हायेत ते. येतीन."

तिने काखेतलं उपरणं काढून त्या खुर्चीच्या हातावर नीट ठेवलं आणि आपल्या खुर्चीत बसली. बसली आणि सगळ्यांसारखीच लाकूड झाली.

"मावशी, घरी कशा बसता तशा बसा न."

"घरी?" ती हसली. "घरी तं वाट पाह्यत बसा लागते. हे बाजारातून केव्हा येतीन, याचा काई नेम नाई. सैपाक थंडा होते न मी दाराकडं पाह्यत."

आणि बोलता बोलता ती खरोखरच तशी बसली. एक हात त्या उपरण्यावर गेला, मान जराशी दाराकडे झुकली. छपराच्या काचेतून उजेड तिच्या गालावर उतरला होता. रूपराव कापडाखाली गेला. पेटीच्या मागच्या काचेवर सगळं उलटं दिसायचं, डोकं खाली आणि पाय वर. तिथे तो माणूस पाहत नसे, उजेड पाहत असे. आणि तो उजेड त्या दिवशी असा काही जमला होता, की त्याने श्वास धरून टोपी काढली. एक, दोन, तीन.

जिजाबाई आणखी थोडा वेळ बसली. तानबाजी काही आले नाहीत.

लाल दिव्याच्या खोलीत फोटोची काच धुताना रूपरावाला कळलं, की आपल्या हातून आजवरचा सगळ्यात चांगला फोटो उतरला आहे. फोटो जिजाबाई पुढच्या बाजारी नेणार होती. तोवर रूपरावाने एक मोठी प्रत काढली, काळ्या चौकटीत घातली आणि दर्शनी काचेच्या कपाटात मधोमध लावली. त्या भरात त्याला एवढंही सुचलं नाही, की रिकामी खुर्ची, त्यावर पुरुषाचं उपरणं आणि शेजारी एकटी म्हातारी, हे सुलटं पाहणाऱ्याला कसं दिसेल.

तीनच दिवसांनी तानबाजींची लेक देवकाबाई आपल्या सासरहून, म्हणजे गिरडहून, ओमप्रकाशच्या दुकानात लग्नाचं कापड घ्यायला आली. बाजूच्या स्टुडिओच्या कपाटात तिला आपली आई दिसली. मग खुर्ची दिसली. मग बापाचं उपरणं दिसलं. तिने रस्त्यातच बसकण मारली.

रूपराव नेमका त्या दिवशी लग्नाचे फोटो काढायला आर्वीला गेलेला. पुढे आला ओमप्रकाश. त्याचं मराठी आधीच हिंदीशी सोयरीक केलेलं. तो म्हणाला, "हाँ बाई, मैंने देखा न. बुढी माय अकेलीच बसली होती अंदर. खुर्ची खाली होती." झालं! यापेक्षा पक्की साक्ष आणखी कोणती हवी? ओमप्रकाशने तिला पाणी पाजलं, धीर दिला आणि धीर देता देता दुखवट्याचं पांढरं लुगडंही विकलं. दुकानदार तो दुकानदारच.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन बैलगाड्या भरून गिरडची मंडळी वडनेरच्या शिवेपासून रडत रडत झाड्यांच्या दारी उतरली. तानबाजी ओसरीवर बसून बशीत चहा ओतत होते. ते रडणं ऐकून त्यांनी आत हाक मारली, "अवो, पाह्य तं, कोन मेलं?"

पुढे काय झालं ते रूपरावाला जिजाबाईने नंतर हसून हसून डोळे पुसत सांगितलं. सगळ्यात पुढची देवकाबाई बापाला पाहून किंचाळली, व्याही गाडीतून उतरता उतरता परत चढले, आणि एक म्हातारे पाहुणे तर तानबाजींच्या पायांकडे पाहत राहिले, पावलं सरळ आहेत की उलटी, ते तपासत. सगळा उलगडा झाल्यावर तानबाजी लेकीवर ओरडले, "अवं, मायच्या हातातल्या बांगड्या नाई दिसल्या काय तुले?"

"डोयात पानी आलं तं बांगड्या कशा दिसतीन, बा?" देवकाबाई म्हणाली आणि पुन्हा रडायला लागली. या वेळी आनंदाने.

तानबाजींनी चहा अर्धा टाकला. बैलांची दमणी जुंपली. जिजाबाई आणि देवकाबाई कशाबशा तीत चढल्या आणि दमणी हिंगणघाटच्या रस्त्याला लागली.

रूपरावाने त्यांना दुरून येताना पाहिलं. म्हाताऱ्याच्या हातात काठी होती आणि ती धरायची तऱ्हा काही टेकायला धरल्यासारखी नव्हती. पाठोपाठ ओमप्रकाशने धावत येऊन कालचा देवकाबाईचा प्रकार दोन वाक्यांत सांगितला आणि आपल्या दुकानात गडप झाला. रूपरावाने कपाटाकडे पाहिलं. कपाट फुटेल ते फुटेल, पण जित्या माणसाला मारणारा फोटोवाला असं नाव एकदा पडलं, की पायरी कोण चढणार? आणि त्या बाईला तर आता दोघांचा फोटो जन्मात मिळायचा नाही. खरं सांगायचं तर त्याला याचंच जास्त वाईट वाटलं.

"कुठं हाय तो फोटूवाला?" तानबाजी गरजले. काठी उचलून ते कपाटासमोर आले आणि थांबले.

रूपराव बाहेर येऊन हात जोडून उभा राहिला. काठी हवेतच होती. बाजारातले चार लोक जमले. तानबाजी फोटोकडे पाहत होते. पाहता पाहता काठी हळूहळू खाली आली.

"हिले असं बसाले तू सांगतलं काय?" त्यांनी विचारलं. आवाज एकदम उतरला होता.

"नाई काकाजी. घरी कशा बसता तशा बसा, म्हनलं."

"मंग?"

"मंग म्हने, घरी तं तुमची वाट पाह्यत बसा लागते, तुमी बाजारातून येईपर्यंत. आन् बसल्या तशा."

तानबाजींनी उपरण्यावर ठेवलेला तो हात पाहिला, दाराकडे झुकलेली मान पाहिली. पन्नास वर्षं ते दर बाजारी उशिरा घरी गेले होते आणि घरी कोणी कसं बसलेलं असतं, ते त्यांनी आज पहिल्यांदा पाहिलं. कारण ते पोचले, की ती उठलेली असायची. रूपरावाला वाटलं, म्हातारा आता रडणार.

"खुर्ची कुठं हाय ते?" तानबाजींनी विचारलं.

"कोनती?"

"मायी!"

रूपराव धावत आत गेला. दोन्ही खुर्च्या मांडल्या. तानबाजी खुर्चीत बसले, फासावर चढावं तशा चेहऱ्याने. शेजारी जिजाबाई. देवकाबाई कोपऱ्यात तोंडात पदराचा बोळा धरून उभी. रूपराव कापडाखाली गेला, बाहेर आला.

"काकाजी, डोये मिटू नका."

"नाई मिटत. पाहू दे मले, कोन नेते तं."

"आन् यंदाची कपाशी काय म्हनते?"

"चूप बस न काढ लवकर!"

एक. दोन. तीन. टोपी लागली. स्टुडिओत कोणी हललं नाही. तानबाजींनी स्वतःच्या मिशीला हात लावला, मग छातीला.

"झालं?"

"झालं, काकाजी."

"मी हाव काय?"

"हा, हायेत," जिजाबाई म्हणाली. "आता उठा. भूक लागली मले."

जाताना तानबाजींनी ओमप्रकाशच्या दुकानात ते पांढरं लुगडं गल्ल्यावर आपटलं. त्याने लगेच हिरवं काढून दिलं.

संध्याकाळी काच धुतली तेव्हा मात्र रूपरावाने कपाळावर हात मारला. तानबाजी एकदम ठळक, मिशीचा केस न् केस दिसावा असे. पण जिजाबाई 'दोन'ला मान वळवून नवऱ्याकडे पाहत होती. तिचा चेहरा सगळा पुसल्यासारखा झाला होता, पदर मागे सरकून उघडं पडलेलं एक कुंकू तेवढं लांबट होऊन नवऱ्याकडे गेलं होतं. म्हातारा पुन्हा बसायचा नाही, हे रूपरावाला पक्कं ठाऊक होतं.

पुढच्या बाजारी दोघं आली, तेव्हा त्याने खाली मान घालून फोटो पुढे केला. जिजाबाईने तो उजेडाकडे धरून पाहिला.

"मी हालली काय?"

"हो मावशी. पुन्ना काढू म्हनतो मी, पन..."

"नाई, नाई. मी हालली तं हालली. बुढा बसला न!" तिने फोटो पदरात गुंडाळला आणि रूपरावाने फोटोबरोबर सवयीने पुढे केलेला कागदी हार मात्र तिथेच ठेवला.

मग तानबाजी काउंटरजवळ सरकले. कपाटात लावलेल्या पहिल्या फोटोकडे बोट करून म्हणाले, "तो काढून टाक तिथून. आन् तिथं हा लाव, दोघाइचा. गिरडवाल्याइले दिसू दे."

"लावतो, काकाजी. आन् तो जुना?"

"तो मले दे."

जिजाबाई चमकली. "त्याचं काय करता? त्याच्यात तुमी कुठं हायेत?"

तानबाजींनी रिकाम्या खुर्चीचा तो फोटो घेतला, उपरण्यात गुंडाळला आणि काखेत धरला.

"बाजारात येताना संगं आनीन," ते म्हणाले. "चाल, दमणी जुंपू. जेवाची वेळ झाली."