शामरावांच्या नावापुढचं एस.ओ.एस.

मित्रांनो, रायपूरजवळच्या बीरगांवात हरिदासभाऊंच्या घरी गेलात आणि खुर्च्या कमी पडल्या, तर तुम्हाला माझ्यावरच बसवतील. वर गादी आणि फुलाफुलांची चादर असते, म्हणून मला कोणी ओळखत नाही. पण खाली मीच आहे, एक जुनी फौजी पेटी.

कामठीच्या छावणीजवळ एका पेटीवाल्याच्या दुकानात माझा जन्म झाला. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. शामराव नावाचा, नुकतंच मिसरूड फुटलेला एक शिपाई मला घेऊन बराकीत गेला. तो मला रोज फडक्याने पुसायचा आणि माझ्या झाकणावर आरसा टेकवून दाढी करायचा. मग पलटण ब्रह्मदेशाच्या आघाडीवर निघाली. तिकडे पेट्या न्यायच्या नव्हत्या. आम्हाला डेपोत एकावर एक रचून ठेवलं आणि कुलूप लावलं. त्यामुळे तिकडे काय झालं ते मी पाहिलं नाही.

पुष्कळ दिवसांनी शामराव मला न्यायला आला तेव्हा त्याचा डावा पाय ओढत होता. माझ्यावर हात ठेवून तो म्हणाला, "चाल वं, घरी जाऊ." मी घरी गेले. माझ्या वर ठेवलेल्या पेटीला न्यायला मात्र कोणी आलंच नाही.

पुढे शामराव रायपुरात रेल्वेत लागला. त्याचं लग्न झालं, मुलगा झाला. तोच हा हरिदास. माझ्या पोटात लग्नाची लुगडी राहिली, हरिदासची दुपटी राहिली, पुढे गहूसुद्धा राहिले. पायाचं कोणी विचारलं की शामराव हसून सांगायचा, "नाव कटलं अन् घरी आलो." त्यापुढे तो कधी बोलला नाही. फौजेने दिलेला इंग्रजी कागद त्याने माझ्या तळाशी जपून ठेवला होता. त्याला स्वतःला इंग्रजी येत नव्हतं.

शामराव गेल्यावर हरिदासचा चुलतभाऊ बंडू याने तो कागद पाहिला. बंडू कचेरीत कामाला होता, घरात इंग्रजी जाणणारा तोच. त्याने बोट ठेवून सांगितलं, "हे पाह्य दादा, एस.ओ.एस. म्हणजे नाव कापलं. अन् हे डी.आय., म्हणजे डिसमिस. काकाले काढलं होतं फौजेतून." बंडूच्या मनात वाईट काही नव्हतं. त्याला वाटलं ते त्याने सांगितलं. पण शामरावाचंच बोलणं त्या अर्थाशी जुळत होतं, म्हणून हरिदासला ते खरं वाटलं. त्याने कागद परत माझ्यात टाकला आणि मला गच्चीवर नेऊन ठेवलं. मित्रांनो, पुढची कितीतरी वर्षं माझ्यावर कूलर होता. त्याचं पाणी गळायचं आणि मी गंजायची.

मग या वर्षी आमच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, बुद्धविहाराने ठरवलं की पाऱ्यातून जे जे फौजेत गेले, त्यांचे फोटो बाबासाहेबांच्या जयंतीआधी भिंतीवर लावायचे. कमिटीत आता म्हातारा झालेला बंडू होता. तो घरी आला आणि ओशाळून म्हणाला, "दादा, काकाचा फोटो लावणं राहू दे. उद्या कोणी कागद मांगला तं आपलीच शोभा होईल."

त्या दिवशी हरिदास जेवला नाही. त्याची बायको अंजनाबाई पंख्याखाली ताट झाकून बसली होती, तेव्हा त्यांची नात रुचिता कामावरून आली. रुचिता एका दवाखान्यात रोग्यांच्या फायली सांभाळते. काय झालं ते आजीने सांगितलं. रुचिता तडक गच्चीवर गेली आणि तिने मला प्रफुल्लच्या, म्हणजे तिच्या बापाच्या मदतीने खाली आणलं. कागद काढून तो माझ्याच झाकणावर पसरला.

"आबा, हमारे यहाँ भी ऐसाच होता है," ती म्हणाली. "फायलीत 'डी' लिहिलं की नातेवाईक रडायले लागतात. आमच्याकडे त्याचा अर्थ डिस्चार्ज असते. पेशंट घरी जाऊन राहिला असते."

"हे दवाखान्याचं नोहे, पोरी. फौजेचं हाय."

"तेच तं. ज्याचा कागद, त्याचीच भाषा."

ती वरून खाली एकेक ओळ वाचत गेली. मध्येच थांबली आणि पुन्हा वर गेली. मग हसायला लागली.

"आबा, एस.ओ.एस. एकदा नाही लिहिलं. तीनदा लिहिलं आहे. एका माणसाला फौजेतून तीनदा कसं काढतील?"

हरिदासने चष्मा लावला. रुचिताने दाखवलं की प्रत्येक एस.ओ.एस.च्या खालच्या ओळीत टी.ओ.एस. होतं, तारीखही तीच, फक्त जागा वेगळी. इथे नाव कमी झालं की तिथे लगेच चढायचं. एका ठिकाणी तर ती जागा दवाखान्याची होती.

"म्हणजे काढलं नाही," हरिदास हळूच म्हणाला. "पाठवलं."

"हव. पण या डी.आय.चं मलेही समजत नाही."

रुचितासोबत काम करणाऱ्या शर्मिष्ठाचे वडील यशवंतराव फौजेच्या रेकॉर्ड कचेरीतून निवृत्त झालेले. रविवारी ते स्कूटरवर आमच्याकडे आले. बंडूलाही बोलावलं होतं. यशवंतरावांना माझ्यावरच बसवत होते, पण ते म्हणाले, "फौजी पेटी आहे, हिच्यावर कागद शोभतो," आणि स्वतः खाली सतरंजीवर बसले. मला फार बरं वाटलं.

"आधी हे मथळ्यातलं समजून घ्या," ते म्हणाले. "वर 'कॅज्युअल्टी' छापलंय म्हणून दचकू नका. माणसाची जी काही हालचाल होईल ती सगळी इथे लिहायची पद्धत. बदली, आजार, रजा, सगळं. लग्नाची रजा घेतली तरी ती कॅज्युअल्टीच्याच कागदावर."

"ते बरोबर लिहीत," अंजनाबाई म्हणाली आणि सगळे हसले. हरिदाससुद्धा.

यशवंतरावांनी रुचिताचा अंदाज बरोबर ठरवला. एस.ओ.एस. म्हणजे इथल्या हजेरीतून कमी, टी.ओ.एस. म्हणजे तिथल्या हजेरीवर घेतला. मग त्यांचं बोट डी.आय.वर आलं आणि त्यांचा आवाज उतरला. "त्याच्या आधीचं हे डब्ल्यू पाहा. लढाईत जखमी. आणि डी.आय. म्हणजे डेंजरसली इल, जिवाला धोका आहे अशांची यादी. या यादीत नाव गेलं की घरी कळवायची तयारी ठेवत."

बंडू आपल्या हातांकडे पाहत होता.

"खाली वाचा," यशवंतराव म्हणाले. "पुढच्या ओळीत 'ऑफ डी.आय.' आहे. यादीतून नाव काढलं. धोका टळला."

हरिदासने त्या ओळीवर बोट टेकवलं आणि बराच वेळ उचललं नाही. "हे लढाईतलं," तो म्हणाला. "मी तं त्याच्या नंतरचा. ही ओळ लिहिली नसती तं मी नसतो. हा प्रफुल्ल नसता, ही पोट्टी नसती." मग एकदम त्याला हसू आलं आणि डोळेही भरले. "अन् बाबा म्हणे, नाव कटलं अन् घरी आलो. खरंच बोलला ना बुढा. त्या यादीतून कटलं, म्हणूनच तं घरी आला."

बंडू उठून जवळ आला. "दादा, मी अर्धंच वाचलं होतं."

"मीही तुले पूर्ण वाच म्हटलं नाही," हरिदास म्हणाला. "चाल, जेवून घे."

जयंतीच्या आदल्या दिवशी विहारात शामरावाचा फोटो लागला. खिळा बंडूनेच ठोकला, आणि थोडा वाकडा ठोकला. प्रफुल्लने माझा गंज घासून मला नवा रंग दिला. आता मी बैठकीत असते. पाहुणे बसले की हरिदास त्यांना कागदाची गोष्ट सांगतो आणि मला पाहुण्यांचं वजन जाणवत नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादा जुना कागद असेल. तो ओल लागू न देता ठेवा, वाचाल तेव्हा पुरता वाचा, आणि जे समजणार नाही ते जाणत्याला विचारा. पण त्याआधी एक करा. घरातलं कोणी म्हातारं माणूस हसून विषय टाळत असेल, तर त्याच्याजवळ बसा आणि आणखी एकदा विचारा. पेटीचा गंज उशिरा घासला तरी निघतो. शामरावाला मात्र आता काही विचारता येत नाही.