बाबांना सांगितलं नाही

मध्यवर्ती बँकेच्या तपासणी खात्यात तिला सगळे ‘दुर्बीण’ म्हणायचे. कागद कितीही गुळगुळीत असो, तिला त्यातली खोट हटकून दिसायची. म्हणून साहेबांनी तिला त्या खासगी बँकेवर पाठवलं. तिच्या अध्यक्षाची एका मंत्र्यांच्या घरी उठबस असल्यामुळे आजवर त्या बँकेच्या वाटेला कोणी गेलं नव्हतं.

सगळ्यात मोठं कर्ज मंत्र्यांच्या मेव्हण्याच्या कारखान्याला दिलेलं. ती पत्ता शोधत गेली, तर तिथे बंद पडलेलं सलून. शेजारचा टायरवाला म्हणाला, “कारखाना? ताई, इथे केसांशिवाय काही कापलं गेलं नाही.” तिला हसू आलं. बाकीचे पत्तेही असेच निघाले.

अहवाल वाचून साहेब म्हणाले, “परवाना रद्द होणार. पण तोवर तोंडातून ब्र काढायचा नाही. घरीसुद्धा.”

घरी बाबा होते. जन्मभर बस चालवून निवृत्त झालेले. सगळी पुंजी त्याच बँकेत ठेवलेली, कारण शाखा कोपऱ्यावर होती. संध्याकाळी दोघं घेवड्याच्या शेंगा निवडत बसले होते.

“हल्ली कुठली बँक तपासतेस गं? आमची तर नव्हे?”

“बाबा, दोरे राहतायत. नीट काढा.”

सोमवारी बँकेला टाळं लागलं. अध्यक्ष मात्र शनिवारीच बायकापोरांसकट परदेशी पसार झाला होता. ती कोपऱ्यावर आली, तेव्हा बाबा रांगेत उभे होते.

“ठेवींच्या विम्यातून थोडे मिळतील, बाबा. बाकीचे अडकले.”

“तुला माहीत होतं?”

“हो.”

“शेंगा निवडत होतो तेव्हा?”

“हो.”

बाबांनी मान हलवली. “सरक जरा. नंबर जाईल.”

मग अध्यक्षाला आधीच बातमी फोडली कोणी, याची चौकशी लागली. मंत्र्यांच्या माणसांनी बोट तिच्याकडे दाखवलं. अहवाल तिचाच; ती खोटी ठरली की अहवालही बाद. समितीपुढे ती तीच ती उत्तरं देत राहिली. आवाज आपलाच आहे की दुसऱ्या कोणाचा, तेही तिला कळेना.

न बोलावता बाबा आले. इस्त्रीचा शर्ट घालून.

“मी हिचा बाप,” ते म्हणाले. “माझे सगळे पैसे त्या बँकेत बुडाले. हिने कोणाला सांगायचंच ठरवलं असतं, तर आधी मला सांगितलं असतं ना?”

समितीने ते लिहून घेतलं. अहवाल टिकला. पुढे मेव्हणा तुरुंगात गेला, मंत्र्यांना खुर्ची सोडावी लागली. बातमी तिच्याच खात्यातल्या वरच्या एका अधिकाऱ्याने विकली होती, असं निघालं. तो आजारपणाच्या रजेवर गेला.

त्या दिवशी चौकशीहून बाहेर पडल्यावर ती जिन्यात बाबांपाशी थांबली. “बाबा, तुम्ही...”

“खरं होतं ते सांगितलं,” ते म्हणाले. “मी बसने जातो. तू तुझं बघ.”

तिला वाटलं, आता रडू येईल. ती तशीच उभी राहिली. आलं नाही. मग ती वर गेली. टेबलावर दुसऱ्या एका बँकेची फाइल येऊन पडली होती. तिने खुर्ची ओढली आणि पहिलं पान उघडलं.