मान वळवायची जागा

दगडात चमक होती. पेराएवढा तुकडा, पण उन्हाकडे धरला की अभ्रकाचे कण असे काही लुकलुकत होते, की अर्डिसनं तो आणखी थोडा फिरवला, आणखी थोडा... आणि मग दचकून वाटेवर टाकून दिला. सुरुंग लावून उडवलेला, ह्याच डोंगराच्या अंगाचा तुकडा, आणि आपल्याला तो सुंदर वाटला! कुणी पाहिलं तर नाही ना म्हणून तिनं मागे वळून बघितलं.

बाबांनी पाहिलं असतं तर? पण बाबा असते तर ती इथं आलीच नसती. लहानपणी हिल सिटीच्या रस्त्यावर, डोंगरात कोरला जाणारा तो पुतळा दिसतो ते वळण आलं की बाबा गाडीचा वेग वाढवत, म्हणत, "माना वळवा!" आणि मागच्या सीटवरची सगळी पोरं पलीकडच्या खिडकीकडे तोंडं करत — पाइनची झाडं, नुसती पाइनची झाडं. ताशुंके विटको, आमचा लढवय्या सरदार, जग ज्याला क्रेझी हॉर्स म्हणतं, त्यानं हयातीत कुणाला आपलं चित्र काढू दिलं नाही. मग ह्या गोऱ्यांनी त्याचं तोंड आणलं कुठून? आणि तेही आपल्या काळ्या डोंगरांची छाती फोडून? हे बाबांचं वाक्य. सभेत, घरात, मर्तिकाच्या जेवणातसुद्धा. अर्डिसची साठी उलटली, तरी त्या वळणावर तिची मान आपोआप वळायची.

बाबांना जाऊन वर्ष होत आलं होतं. येत्या शनिवारी अश्रू पुसण्याचा विधी: जेवण, चांदणीची नक्षी शिवलेल्या गोधड्या वाटणं, आणि शेवटी घरातल्या थोरल्यानं उभं राहून गेलेल्याचा शब्द सगळ्यांपुढे बोलायचा. थोरली तीच. ती काय बोलणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, तिलाही. फक्त, जी गोष्ट कधी डोळ्यांनी पाहिली नाही तिला नावं कशी ठेवायची? म्हणून ती आली होती. वर्षातून एकदोनदाच लोकांना पार वरपर्यंत चालत जाऊ देतात; जायचं, बघायचं, राग पक्का करायचा आणि घरी यायचं.

पण रागाचा पत्ताच नव्हता. पायांत काय शिरलं होतं कोण जाणे. मी धावतेय का? ह्या वयात?

"अगं ए, सावकाश! वर काय नवरा पळून बसलाय तुझा?" मागून वर्डेल धापा टाकत येत होती. वर्डेल तिची थोरली नणंद.

"पळायला अंगात दम लागतो, वन्सं. तुमच्या घराण्यात कुणाला आहे?"

"होता थोडा. तुझ्या हातचं खाऊन गेला."

आमच्यात नणंद-भावजयींनी एकमेकींची टर उडवली नाही, तर लोक काळजीनं विचारतात, काय बिनसलं म्हणून. दोघी हसत, थांबत, पाणी पीत चढल्या.

आणि मग तो हात. पुतळ्याचा पुढे रोखलेला, दगडाचा लांबरुंद सपाट हात, आणि त्यावर उभं राहिलं की समोर... एवढं मोठं, की इतक्या जवळून ते तोंड एकदम दिसेचना. आधी कडा दिसला, मग कड्याचा ओठ झाला, मग गाल, मग डोळा. पलीकडच्या डोंगरावर कोरलेली गोऱ्या राष्ट्राध्यक्षांची ती चार तोंडं ह्यात मावतील म्हणतात. हे त्याचं तोंड नाही, ती स्वतःला म्हणाली, त्याचं कसं असेल? पण आपला माणूस इतका मोठा तिनं उभ्या जन्मात कुठे पाहिला होता? तिला आनंद झाला होता. दुसरं काही नव्हतं ते, लपवण्यासारखं कितीही असलं तरी आनंदच होता.

वारा आला. तिनं पूर्वेकडे पाहिलं: डोंगर उतरत गेलेले, पुढे माळ, माळाच्या कडेला उजाड कड्यांची धुरकट पांढरी रेघ, आणि रेघेच्या खाली...

"वन्सं, ते बघा! आपलं घर तिकडे!"

तिचा हात खांद्यातून सरळ ताणलेला होता. बोट रोखलेलं.

आमचं माणूस बोट दाखवत नाही. दिशा सांगायची तर ओठ पुढे काढावेत. बोट रोखणं म्हणजे समोरच्याचा अपमान. ह्या पुतळ्यावर बाबांचा दुसरा राग तोच, की आपल्या माणसाला बोट दाखवायला लावलं. आणि त्यांची लेक, त्याच हातावर उभी राहून...

आता झालं. पुढची दहा वर्षं प्रत्येक जेवणावळीत वर्डेल हे तिखटमीठ लावून सांगणार होती. अर्डिस टोमण्याची वाट बघत राहिली. टोमणा आला नाही. वर्डेल कितीतरी वेळ त्या बोटाच्या रोखानं बघत होती, मग तिनं ओठ पुढे काढले, अगदी त्याच दिशेला, आणि हळूच म्हणाली, "हो गं. तिकडेच."

थोड्या वेळानं तिनं विचारलं, "शनिवारी काय बोलणार आहेस?"

"तेच. बाबांचं."

"बोल की. खरंच आहे ते." वर्डेलनं तिच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. "फक्त बोलताना अशी हसू नकोस."

अर्डिसनं गालाला हात लावला. खरंच, गाल दुखत होते. तिनं बाबांचं वाक्य मनात म्हणून पाहिलं, पहिल्यापासून, सावकाश. एकही शब्द खोटा वाटेना, आणि हसूही ओसरेना. तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली... ह्या वेळी आवाज बाबांचा नव्हता, तिचा स्वतःचा होता, आणि त्यांचं वाक्य संपलं तरी तो थांबत नव्हता. पुढे काहीतरी बोलू बघत होता. शनिवारची तिला भीती वाटू लागली, आणि तो आजच असता तर बरं, असंही वाटू लागलं.